शांती कुणाच्या खर्चानं?

मीरा रोडला शांती शोधत फिरावं लागत नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की शेअर रिक्षावाले तिचं नाव घेऊन ओरडत असतात. शांतीनगर हा इथला जुना, मोठा, सेक्टरांत वाटलेला वसाहतपट्टा. त्याच्या शेजारी नयानगर. जानेवारी २०२४ मध्ये या भागात दंगल झाली, शटरं पडली आणि काही दिवस शांतीनगरला जायलाही लोक बिचकत होते. शहराला कुणी काय नाव द्यावं, यावर कुणाचा ताबा नसतो.

याच स्टेशनच्या पादचारी पुलावर मला महिन्या-दोन महिन्यांनी एक कागद हातात मिळतो. प्रार्थनासभा, चंगाईसभा (आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना), अमुक हॉल, अमुक वेळ. मजकूर बहुधा एकच: मन अशांत आहे? कर्ज, आजार, घरातली भांडणं? येशूकडे या, शांती मिळेल. मी जन्माने कॅथलिक, घर आणि सासुरवाडी दोन्ही वसईत, नोकरीमुळे मीरा रोडला आलेला माणूस. कागद देणारा मला गिऱ्हाईक समजतो. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ मला दुकानदार समजतात. ते म्हणतात, ‘‘तुमच्या धर्माचं हे एक बरं आहे हो, शांती फुकट वाटता.’’ या वाक्यात ‘फुकट’वर जो जोर असतो, त्याला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. पण कागदवाल्यालाही माझं उत्तर आहे, आणि खरं सांगायचं तर आधी त्यालाच आहे.

महाराष्ट्रात या विषयावर समोरासमोर भांडायची चांगली परंपरा होती. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री मंडळी लोकांच्या गर्दीत आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते, आणि त्यातली प्रश्नोत्तरं पुढे ग्रंथरूपानं छापली गेली. आता वाद राहिला नाही. एक बाजू कागद वाटते, दुसरी तक्रारी करते.

आमच्या गृहस्थांचा पहिला आरोप नेहमीचा: ही शांती म्हणजे आमिष. गहू-तांदूळ, शाळा, नोकरी, औषध आणि वर शांतीचा मुलामा. हा आरोप मी सगळाच्या सगळा फेटाळत नाही. वसई, उत्तन, डोंगरी या पट्ट्यात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर पसरला. १५३४ ते १७३९ त्यांचं राज्य होतं आणि त्या राज्यात बाप्तिस्म्यामागे सत्तेचं वजन होतं. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयही होतं. माझ्या पणज्याच्या पणज्याला पाण्याच्या त्या शिंतोड्यात शांती मिळाली की सारामाफी, हे मला ठाऊक नाही आणि मी त्याची वकिली करणार नाही. पण पुढचं पान वाचावं लागतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली. गोरे पाद्री गेले, मोठी चर्च आणि मठ ओस पडले, आमिष देणारा हातच राहिला नाही. तेव्हा उत्तनच्या कोळ्याला आणि वसईच्या बागायतदाराला परत जायला कुणी अडवलं नव्हतं. बरेच जण गेलेही असतील. जे राहिले, ते पेशव्यांच्या राज्यात ख्रिस्ती म्हणून राहिले. आमिषानं माणूस येतो, हे कळतं. आमिष संपल्यावर तो का राहतो, हे आमिषाच्या सिद्धान्तात बसत नाही.

दुसरा आरोप जास्त तोलामोलाचा आहे, कारण तो करणारे शांतीच्या विरोधात नाहीत. भाईंदरहून उत्तनमार्गे गोराईला जा. तिथं खाडीकाठी विश्व विपश्यना पॅगोडा आहे. आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि खाली हजारो माणसं एकदम बसतात. माझे दोन मित्र विपश्यनेची शिबिरं करून आले आहेत, आणि त्यांच्यात फरक पडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांचा प्रश्न: श्वास पाहून मन शांत होतं, मग मध्ये येशू कशाला? शांतीला मध्यस्थ का हवा?

याचं उत्तर मी वर्षानुवर्षं चुकीचं देत आलो. मी म्हणत असे, आमची शांती जास्त खोल आहे. हे म्हणणं बालिश होतं. कुणाचं मन किती खोल शांत झालं, हे मोजायचं माप माझ्याकडे नाही. खरी गोष्ट अशी की एकाच शब्दाखाली आम्ही दोन वेगळे पदार्थ विकत होतो. विपश्यनेची शांती मनाच्या अवस्थेबद्दल आहे आणि त्या कामात ती प्रामाणिक आहे. ख्रिस्ती उपासनेत शांती ही मुळात देण्याची वस्तू आहे. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसादाच्या आधी शांतीचं चिन्ह देण्याची वेळ येते. शेजारच्या बाकावरचा जो कोणी असेल, त्याच्याकडे वळून हात जोडायचे किंवा हातात हात द्यायचा. डोळे मिटून बसायची ती वेळ नाही, डोळे उघडून वळायची आहे. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं याची अट आधीच घालून ठेवली आहे: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे देवाच्या दारातून भावाच्या दारात पाठवणारी ही शांती आहे. तिला मध्यस्थ लागतो याचं कारण ती दोघांमधली आहे.

आता कागदवाल्याकडे वळतो. सभेत साक्ष देण्याची पद्धत आहे. माणूस उभा राहतो आणि सांगतो: पूर्वी मी असा होतो, दारू, मारझोड, झोप नाही, मग येशूला स्वीकारलं आणि त्या रात्री शांती मिळाली. मी खोटं म्हणत नाही. दारू सुटलेले लोक मला माहीत आहेत, आणि ज्या बाईचा मार थांबला तिच्यापुढे तत्त्वज्ञान सांगायची माझी हिंमत नाही. पण या साक्षीचा साचा इतका घट्ट झाला आहे की ज्याला ती रात्र आली नाही तो स्वतःला खोटा ख्रिस्ती समजू लागतो. मराठी ख्रिस्ती समाजातली सगळ्यात मोठी माणसं घ्या. एकाचीही साक्ष या साच्यात बसत नाही.

नीळकंठशास्त्री गोरे घ्या. काशीचे विद्वान चित्पावन, पाद्र्यांना निरुत्तर करायला गेले आणि १८४८ मध्ये नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचं खंडन करणारा हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या श्रद्धेबद्दल शंकांनी पोळत राहिला. त्यांचा तर्क ज्याचं समाधान करू शकत नव्हता असा एकच माणूस होता, ते स्वतः. पुलावरच्या कागदाच्या हिशेबानं गोरे नापास. तरी त्यांनी धर्म सोडला नाही, आणि त्यांच्या लिखाणानं पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडे खेचलं. गंमत पाहा: शांती न मिळालेल्या या बापाची मुलगी एलन लक्ष्मी गोरे, तिनं देवाच्या सान्निध्यातल्या विसाव्यावर लिहिलेलं इंग्रजी गीत जगभरच्या प्रार्थनागृहांत गायलं गेलं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या मठवासी भगिनींशी आणि बिशपांशी त्या सिद्धान्तांवरून इतक्या भांडल्या की गुरू कोण आणि शिष्य कोण, हे तो पत्रव्यवहार वाचताना ठरवता येत नाही. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! आणि ख्रिस्त मिळाल्यावर काय झालं? शांतपणे बसता आलं का? १८९३ मध्ये त्यांच्या शारदासदन या शाळेतल्या मुलींच्या धर्मांतरावरून रानडे-भांडारकरांच्या सल्लागार मंडळानं राजीनामे दिले, केसरीनं झोडपलं. (त्या टीकेत तथ्य होतंच. पालकांना धार्मिक तटस्थतेचा शब्द दिलेला होता.) १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्या उपाशी मुली गोळा करत हिंडल्या आणि केडगावला त्यांचं ‘मुक्ती’ सदन उभं राहिलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, पुढच्या वर्षी रमाबाई. यात स्वस्थ बसल्याचा एक दिवस मला दाखवा.

आणि कवी नारायण वामन टिळक. त्यांचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते माझ्या बाजूचं म्हणून सांगितलं जातं आणि ते माझ्यावरच उलटतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना धरलं, ते प्रवचन वर आलंच आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. या गोष्टीवर आमच्याकडे इतकी व्याख्यानं झाली आहेत की श्रोते पुढचं वाक्य आधीच पुटपुटतात.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं वाक्य मात्र कुणी पुटपुटत नाही. टिळकांना विसावा मिळाला त्या दिवशी त्यांच्या बायकोचं घर, सोवळं, सगळं एका फटक्यात मोडलं. पदरी लहानगा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं, जिवाचं काही बरंवाईट करतील म्हणून डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. पाच वर्षं नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्यात. हे सगळं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि ते इतक्या हसतखेळत लिहिलं आहे की वाचणाऱ्याला त्यातली जखम दुसऱ्या वाचनात दिसते. मी ते पुस्तक कॉलेजात वाचलं तेव्हा टिळकांच्या बाजूनं वाचलं. पन्नाशीनंतर वाचलं तेव्हा मला या थोर कवीचा राग आला. डोंगरावरच्या प्रवचनासाठी ज्यानं सगळं सोडलं, त्यानं त्यातली समेटाची अट घरात पाळली नव्हती. त्याची शांती दुसऱ्याच्या खर्चानं आली होती.

हा आरोप कुणा धर्मविरोधकानं केला तर मी मान्य करीन. पण तो करणाऱ्यानं लक्ष्मीबाईंना मधेच सोडू नये. त्या टिळकांकडे नगरला आल्या त्या आपलं सोवळं सांभाळत, भांडत, थट्टा करत, स्वतःच्या डोक्यानं एकेक पायरी चढत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्यामुळे नव्हे. मनातली जातीची उतरंड स्वतःशी झगडून कोसळली तेव्हा. माझ्या मते टिळकांच्या घरात शांती १८९५ ला आलीच नाही. ती १९०० ला आली आणि ती लक्ष्मीबाईंनी आणली. टिळकांनाही बहुधा हे उमगलं असावं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना त्यात जागा होती. ज्यानं एकदा उंबरठ्यावरून कुटुंब तोडलं, त्यानं शेवटी उंबरठाच काढून टाकला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले.

म्हणून मंडन करायचं ते इतकंच: ख्रिस्ती श्रद्धेत शांती मिळते हे खरं आहे, पण ती एकट्याला मिळत नाही आणि एका रात्रीत मिळत नाही. ती मिळालेला माणूस गप्प बसतो हेही खोटं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकात चिंतनपर लेख लिहीत आणि त्याच हातानं वसईतल्या बिल्डरांच्या व पाण्याच्या टँकरवाल्यांच्या विरोधात मोर्चे काढत. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एक ‘फादर’ नको म्हणून धमक्या आल्या. ते चाकाच्या खुर्चीवरून गेले आणि बोलले. इकडे आमच्या हद्दीत, मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या डोंगरावर टाकला जातो त्याविरुद्ध तिथले लोक वर्षानुवर्षं लढताहेत. त्यांतले कितीतरी रविवारी मिस्साला जातात, शांतीचं चिन्ह देतात आणि मग मोर्चाला जातात. आमच्या गृहस्थांना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही.

विसंगती आहे ती माझ्यात. वसईच्या आमच्या वाडीच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी माझं सात वर्षं बोलणं नव्हतं. भांडण त्याचं जितकं, त्याहून थोडं माझं जास्त. मी तलाठ्याकडे त्याच्या नकळत अर्ज केला होता. सात वर्षं मी मीरा रोडला मिस्साला गेलो, अनोळखी माणसांना शांतीचं चिन्ह दिलं. अनोळखी माणसाला शांती देण्याइतकं सोपं काम जगात नाही.

यंदाच्या उपवासकाळात एका रविवारी मी मिस्सा संपायच्या आधी उठलो. मीरा रोडहून भाईंदर, मग खाडीचा पूल, नायगाव, वसई रोड. पंचवीस मिनिटंही लागत नाहीत. तिकीट मी परतीचंही काढून ठेवलं होतं, दार उघडलं नाही तर म्हणून. दार वहिनीनं उघडलं. भाऊ मागं वाडीत केळीच्या बुंध्याशी काहीतरी करत होता. त्यानं वर पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘मिस्सा सोडून आलास?’’

मी हो म्हटलं. सातबाऱ्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो अजून निघायचा आहे.