धोरण तळमजल्यावर, आजी तिसऱ्या मजल्यावर

महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना चांगली आहे आणि 'अमृत ज्येष्ठ नागरिक योजना' हे नावही ऐटदार आहे. पण डोंबिवलीत, नाशकात किंवा पुण्याच्या एखाद्या पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या आजींनी स्टँडपर्यंत यायचे कसे? त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिने उतरायला पंधरा मिनिटे लागतात आणि परत चढण्याच्या धास्तीने त्या उतरतच नाहीत. महापालिकेचे विरंगुळा केंद्र, नगरसेवकाच्या नावाची पाटी मिरवणारे नाना-नानी पार्क, सवलतीचे तिकीट, सगळे काही रस्त्यावर आहे. आजी वर आहेत.

आपल्याकडे ज्येष्ठांच्या निवाऱ्याचा विचार दोनच टोकांना होतो. एका टोकाला निराधार, दुसऱ्या टोकाला पैसेवाला. निराधारांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आहे. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे जणांचे वृद्धाश्रम अपेक्षिले आहे. पण कायद्याने राज्यांना बांधले नाही, मोकळीक दिली. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती गोळा करा, असे केंद्राला सांगण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आली. महाराष्ट्राने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, तेव्हा हा कायदा जन्मालाही आला नव्हता. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरी हिशेब करून पाहा. छत्तीसही जिल्ह्यांत कलम १९ अक्षरशः पाळले, तर जागा होतात ५,४००. राज्यातील साठीपुढच्यांची संख्या दीड कोटीच्या घरात आहे.

दुसऱ्या टोकाला २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, चांगले काम केले. 'ज्येष्ठांसाठी घरे' अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान अटी घातल्या. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, तीही आवाजाने आणि दिव्याने मजला सांगणारी. व्हीलचेअर जाईल असे दरवाजे, न्हाणीघरात धरायला दांड्या, न घसरणारी फरशी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. बागेचे आणि मंदिराचे रंगीत चित्र दाखवून साधाच फ्लॅट 'निवृत्तांसाठी' म्हणून खपवणाऱ्यांना यामुळे चाप बसेल. पण हा नियम नव्या प्रकल्पांसाठी आहे, आणि त्याचा फायदा मिळतो त्यालाच, ज्याच्याकडे आयुष्याच्या अखेरीला आणखी एक घर घेण्याची ऐपत आहे. बाकीच्यांच्या न्हाणीघरातली दांडी प्लंबर कधी फिरकेल यावर अवलंबून.

या दोन टोकांच्या मध्ये जवळजवळ सगळे ज्येष्ठ आहेत आणि ते आपल्याच घरात राहतात. हे सांगायला नवे संशोधन नको. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यानुसार साठीपुढच्यांपैकी सुमारे सहा टक्के एकटे राहतात आणि वीस टक्के फक्त जोडीदाराबरोबर. अंघोळ, कपडे घालणे, उठून चालणे अशा रोजच्या कामांपैकी निदान एक काम करताना चोवीस टक्क्यांना अडचण येते. अभ्यास झालेला आहे, अहवाल छापलेला आहे. मंत्रालयातली दालने मात्र तो वाचत नसावीत, कारण चारांतल्या एकाला घरातच अडखळायला होते हे माहीत असलेल्या राज्याकडे घरात सोयीचे बदल करून देण्याची एकही योजना नाही.

बिनलिफ्टच्या तीन-चार मजली इमारती सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिल्या. तिशीतल्या जोडप्यांनी सोसायटीचे कर्ज काढून, दागिने मोडून तिथे दोन खोल्या घेतल्या. तेव्हा तिसरा मजला म्हणजे वारा आणि उजेड. रॉकेलचे डबे, कडेवरची मुले, गणपती, सगळे त्यांनी हसत वर नेले. ती जोडपी आता पंच्याहत्तर-ऐंशीची आहेत. मुले बाणेरला, बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला. लिफ्ट बसवा म्हटले की सर्वसाधारण सभेत तळमजल्याचा सभासद विचारतो, मी का पैसे देऊ? जिन्याच्या मधल्या पोकळीत जागा नसते. बाहेरच्या भिंतीला लिफ्ट लावायची तर आराखडा, पालिकेची परवानगी, इमारत तो भार पेलेल का याची तपासणी आणि काही लाखांची वर्गणी. सेक्रेटरी स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. विषय पुढच्या सभेवर जातो.

मग उरतो पुनर्विकास. महाराष्ट्रात जुन्या इमारतीला लिफ्ट मिळण्याचा हाच एक रुळलेला मार्ग झाला आहे. बिल्डरला चटईक्षेत्राचे गणित जमले तर लिफ्ट येते. आता हे चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरते. म्हणजे रुंद रस्त्यावरच्या आजोबांना लिफ्ट मिळणार आणि बोळातल्या आजोबांना नाही! शिवाय जिथे गणित जमते तिथे ऐंशीव्या वर्षी बिऱ्हाड हलवून तीन-चार वर्षे भाड्याच्या घरात काढायची असतात. नव्या घराची किल्ली घ्यायला कितीतरी सभासद उरत नाहीत, त्यांचे वारस येतात. याला गृहनिर्माण म्हणा, ज्येष्ठांची सोय म्हणू नका.

आरोग्याचा पैसाही घराच्या दाराशी थांबतो. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून 'आयुष्मान'मधून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कुणाचेही उत्पन्न न पाहता दिलेली ही सोय मोठीच आहे. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावर. न्हाणीघरात घसरून खुबा मोडला तर सरकार शस्त्रक्रियेचा खर्च उचलेल, पडू नये म्हणून लावायच्या दांडीला मात्र पैसे नाहीत. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांच्या यादीत व्हीलचेअरही आहे. तिसऱ्या मजल्यावर ती बाल्कनीपर्यंत जाते.

सिंगापूर आपल्यापेक्षा श्रीमंत आहे हे मान्य. तरी तिथली रीत पाहण्यासारखी आहे. सरकारी वसाहतींतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबत. २००१ मध्ये सरकारने प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. खर्चाचा मोठा भाग स्वतः उचलला आणि इमारतीतल्या ७५ टक्के पात्र कुटुंबांनी मत दिले की काम सुरू, असा नियम केला. तळमजल्याच्या नाराज सभासदाला जपानमध्येही वेगळे उत्तर आहे. तिथे २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे, चाळिशीपासून प्रत्येक जण त्याचा हप्ता भरतो आणि गरज ठरलेल्या वृद्धाला घरात दांड्या बसवायला, उंबरठे काढायला दोन लाख येनपर्यंतच्या कामासाठी त्यातून मदत मिळते. शुश्रूषेच्या विम्यात सुताराचे बिल बसते, हे ज्याला सुचले तो खरा धोरणकर्ता.

आणि शुश्रूषेसाठी घरात येणाऱ्या माणसाचे काय? त्याला आपण नर्सिंग ब्यूरोवर सोडले आहे. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी. तिचे शिक्षण, तिचा दर, तिची सुट्टी, सगळे ब्यूरोवाल्याच्या मर्जीवर. तिला अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलता येते की नाही हे कुणी तपासत नाही आणि तिची पाठ धरली तर तिच्यासाठीही कुणी नाही. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरण केले आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघरी पाठवायला सुरुवात केली. केरळची तिजोरी काही महाराष्ट्राहून भरलेली नव्हती.

महाराष्ट्र सरकारने तीन-चार मजली, तीस वर्षांहून जुन्या गृहनिर्माण संस्थांना लिफ्टसाठी अनुदान द्यावे, तेवढ्या जागेला चटईक्षेत्रातून सूट द्यावी आणि तीन चतुर्थांश सभासद तयार असतील तर एकाच्या हरकतीवर काम अडू नये अशी नियमांत दुरुस्ती करावी. महारेराची यादी तयारच आहे. तिच्यातल्या दांड्या आणि फरशा वयोश्रीच्या साधनांत घालायला फार तर एक शासन निर्णय लागेल. तोवर वाचकांनी एक करावे. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. यंदाच्या विषयपत्रिकेत रंगकाम आणि पार्किंगच्या आधी लिफ्टचा विषय घाला, आणि तुम्ही तळमजल्यावर राहत असाल तर तो तुम्हीच मांडा.