ब्लॉक करा, पण यादी भिंतीवर लावा

गावात अभ्यासिका सुरू झाली की महिन्याभरात एक मागणी येतेच : मुलं संगणकावर भलतंसलतं बघतात, काहीतरी ब्लॉक करून द्या. मी मूळचा मंगरूळपीरचा, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. त्यामुळे सुट्टीत घरी आलो की हे काम माझ्याकडे येतं. कारंजा आणि रिसोडच्या मित्रांचेही फोन येतात. मागणी चुकीची नाही. चार-सहा संगणक, एकच कनेक्शन, आणि पोलिस भरती, नीट, एमपीएससीची तयारी करणारी तीस-चाळीस मुलं-मुली. त्यात एकजण तासभर रमी खेळत बसला, तर दुसऱ्याचा महाडीबीटीचा अर्ज भरायचा राहून जातो. नीती आयोगाने २०१८ साली महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत आपला वाशिम होता. इथे सर्वांसाठी खुला असलेला संगणक ही छोटी गोष्ट नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्लॉक करायचं असेल तर थोडं करा, योग्य जागी करा आणि सर्वांना सांगून करा. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. कसं ते सांगतो.

बहुतेक ठिकाणी सुरुवात होस्ट्स फाइलपासून होते. ही एक साधी मजकुराची फाइल प्रत्येक संगणकात असते. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट जाळ्यात सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते अशाच एका फाइलमध्ये लिहिलेले असत. जाळं वाढलं तशी ती फाइल पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुनी फाइल मात्र राहिली, आणि संगणक साधारणपणे आजही डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात बघतो. तिथे एखाद्या साइटच्या नावापुढे खोटा पत्ता, म्हणजे मध्ये टिंबं दिलेली चार शून्यं लिहिली, की ती साइट त्या संगणकावर उघडत नाही. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. मर्यादा अशी, की या फाइलला ‘अमुक साइट आणि तिच्या सगळ्या शाखा’ ही भाषा समजत नाही. प्रत्येक नावाची वेगळी ओळ लिहावी लागते.

खरी गडबड प्रॉक्सी आली की होते. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. ब्राउझरला प्रॉक्सी लावली की तो साइटचा पत्ता स्वतः शोधत नाही. साइटचं नाव तसंच प्रॉक्सीच्या हातात देतो आणि पत्ता प्रॉक्सी शोधते. साहजिकच तुमच्या संगणकावरची होस्ट्स फाइल कोणी उघडूनही बघत नाही. फाइल जागेवर असते, ओळी बरोबर असतात, तरी साइट उघडते. ‘सर, ब्लॉक केलं होतं, आपोआप निघालं’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. आपोआप काही निघत नाही. कोणीतरी ब्राउझरमध्ये फुकटचं प्रॉक्सी एक्स्टेन्शन टाकलेलं असतं.

आता त्या एक्स्टेन्शनचा विचार करा. तो मधला माणूस कोण आहे, कोणत्या देशात बसला आहे, कशावर पोट भरतो? तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे सगळं त्याला दिसतं. २०१५ साली होला या फुकट सेवेबद्दल उघड झालं की ती आपल्या वापरकर्त्यांचीच कनेक्शनं इतरांना वापरायला देत होती आणि लुमिनाटी या नावाने विकतही होती. म्हणजे आपल्या अभ्यासिकेच्या कनेक्शनवरून कोणीतरी अनोळखी माणूस काहीही करू शकतो. सायबर गुन्ह्याच्या तपासात पोलिसांच्या हाती आधी आयपी पत्ता लागतो, आणि कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला बोलावणं येतं. आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थेच्या दारात अशी चौकशी येणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून ब्लॉक तिथे करा, जिथे नावाचा पत्ता शोधला जातो. एक जुना संगणक घ्या, त्यावर लिनक्स आणि स्क्विड ही फुकट प्रॉक्सी टाका. बंदीची यादी त्या एकाच ठिकाणी ठेवा. स्क्विडच्या यादीत नावाआधी टिंब दिलं की त्या साइटच्या सगळ्या शाखा एका ओळीत येतात. स्क्विड सुरू होताना आपल्या यंत्रावरची होस्ट्स फाइलही वाचते, त्यामुळे ती तिथे उपयोगी पडते. बाकी संगणकांना बाहेर जायचा रस्ता फक्त या प्रॉक्सीतूनच ठेवा. मुलांना ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका, नवी एक्स्टेन्शनं टाकायची सोय बंद ठेवा. प्रत्येक संगणकावरची होस्ट्स फाइल राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, यादी छोटी ठेवा. गिटहबवर स्टीव्हन ब्लॅक यांची यादी प्रसिद्ध आहे. तिच्यात जाहिराती आणि मालवेअरच्या साइटची हजारो नावं आहेत, जुगार आणि अश्लील साइटच्या याद्या वेगळ्या जोडता येतात. एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. पण उत्साहाच्या भरात कोणीतरी यूट्यूब पूर्ण बंद करतं. आजकाल साइट एचटीटीपीएसवर चालतात. प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. त्यामुळे ‘गणिताचं लेक्चर चालू, बाकी बंद’ असं इथे करता येत नाही. यूट्यूब गेलं की शिकवणीची फी न परवडणाऱ्या मुलाचा शिक्षकच जातो. मग तो फुकटचं एक्स्टेन्शन शोधतो आणि आपण पुन्हा होलाच्या दारात. एचटीटीपीएस फोडून आत बघायची युक्तीही कोणी सुचवेल. ती करू नका. त्याच संगणकावर लोक बँक आणि डिजिलॉकर उघडतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. होस्ट्स फाइल फक्त नाही म्हणते, कोणी विचारलं ते लिहून ठेवत नाही. प्रॉक्सी लिहून ठेवते : कोणत्या संगणकावरून, किती वाजता, कोणती साइट. पुण्यात माझ्या कंपनीचा लॉग वाचणारा मला ओळखत नाही. मंगरूळपीरमध्ये तो अब्बांचा दोस्त असतो. एखादी मुलगी आजाराबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल किंवा तलाकच्या कायद्याबद्दल शोधत असेल, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोहोचू शकते. त्यानंतर ती अभ्यासिकेत येणार नाही, आणि तिला बघून आणखी चौघी येणार नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सांगितलं. तो अधिकार अभ्यासिकेच्या दाराशी चपलांसोबत काढून ठेवायचा नसतो. लॉग ही अमानत आहे. तांत्रिक बिघाडापुरता ठेवा, थोड्या दिवसांत पुसला जाईल अशी सोय करा, आणि कमिटीतल्या कोणालाही तो वाचायला देऊ नका.

सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली साइट बंद करतं, तेव्हा २००९ च्या नियमांतला सोळावा नियम त्या कारवाईवर गुप्ततेचा पडदा टाकतो. आपण नागरिक म्हणून त्यावर प्रश्न विचारतो आणि ते योग्यच आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने हे कलम कायम ठेवताना बंदीची कारणं लेखी नोंदवावी लागतात याकडे लक्ष वेधलं होतं. जे आपण दिल्लीकडे मागतो, ते आपल्या चार संगणकांच्या खोलीत तरी पाळूया.

हेही मान्य करूया की खिशातल्या मोबाइलच्या डेटावर यातलं काहीच चालत नाही. मुलांची नियत सांभाळायचं काम कोणत्याही फाइलला जमणार नाही. फाइलचं काम संगणक अभ्यासासाठी मोकळा ठेवणं, एवढंच.

तुमच्या गावात अभ्यासिका असेल तर या आठवड्यात कमिटीला तीन प्रश्न विचारा. काय बंद आहे आणि का? लॉग कोणाकडे आहे आणि किती दिवस? चुकून बंद झालेली साइट उघडून घ्यायची तर सांगायचं कोणाला? उत्तरं एका कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. यादी ठरवताना तिथे बसणाऱ्या मुला-मुलींनाही विचारा. त्यांना कारण पटलं, तर पळवाट शोधणारे कमी होतात.