‘भरधाव’ म्हणजे नक्की किती?

अपघाताच्या बातमीत एक शब्द हमखास भेटतो, ‘भरधाव’. भरधाव डंपर, भरधाव ट्रक, भरधाव आलिशान मोटार. बातमीत तो चालून जातो, पण कोर्टात त्याला फारशी किंमत नाही, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

१९८२ साली कर्नाटकात नाला ओलांडताना एक ट्रक उलटला. पंधरा माणसं गेली, अठराएक जखमी झाली. खालच्या दोन्ही कोर्टांनी ड्रायव्हरला दोषी धरलं, हायकोर्टानं सोडलं आणि १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सुटका कायम केली. का? तर साक्षीदार म्हणाले, ‘गाडी खूप वेगात होती.’ वेगात म्हणजे काय, हे एकानंही सांगितलं नाही. वेग ही सापेक्ष गोष्ट आहे, नुसत्या वेगावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पहिल्यांदा वाचलं की संताप येतो. पण शांतपणे विचार केला तर पटतंही.

मोटार वाहन कायद्यात हे दोन गुन्हे वेगळे आहेत. कलम १८३ नुसत्या आकड्याचं. मर्यादा ओलांडली की दंड. मोटारीला एक ते दोन हजार रुपये. कलम १८४ धोकादायक गाडी चालवण्याचं, त्यात पहिल्याच वेळी सहा महिने ते वर्षभर कैद होऊ शकते. हे कलम नुसता आकडा विचारत नाही. जागा कशी होती, रस्त्याची अवस्था काय, तिथे माणसं किती होती आणि किती असू शकली असती, हे सगळं पाहायला सांगतं. ‘असू शकली असती’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात.

आता हे आपल्या अंजनवेलला लावून बघा. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे साध्या रस्त्यावर मोटारीला ताशी ७० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. पण वळणावर गडगा, पलीकडचं काही दिसत नाही, शाळा सुटलेली, कोणी डोक्यावर पाटी घेऊन कडेनं चाललेली. तिथे गोपाळगड आणि दीपगृह बघायची घाई झालेला पाहुणा पन्नासनं आला, तरी मी त्याला बेदरकारच म्हणेन. तीच गाडी एक्स्प्रेस-वेवर शंभरनं गेली तर कोणी वळून बघणार नाही. आणि गणपतीत, शिमग्यात चाकरमान्यांनी गाव भरलेला असतो, तेव्हा ‘मला काय माहीत रस्त्यावर माणसं असतील’ हे कोणी म्हणूच नये.

माणूस दगावला की पुढची पायरी येते. बेदरकारपणे गाडी हाकणं हा जुन्या दंडविधानात कलम २७९ चा गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो २८१ झाला. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पूर्वी जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती, आता कलम १०६ खाली पाच. पण जीव जाऊ शकतो हे जाणूनही गाडी तशीच दामटली असेल तर तो सदोष मनुष्यवध, तिथे दहा वर्षांपर्यंत.

हा फरक किती मोठा, ते वांद्र्याच्या कार्टर रोडनं दाखवलं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली, सात जण गेले, आठ जखमी झाले. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयानं निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. लोक भडकले. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानं सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीच शिक्षा कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षं हीसुद्धा थोडीच, हे माझं मत. पण दारू पिऊन वस्तीच्या रस्त्यावर सुसाट निघालेल्याला परिणामांची जाण असतेच, हे त्या निकालानं मान्य केलं.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले, तेव्हा गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचं पोलिसांचं म्हणणं. त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर काही तासांत जामीन मिळाला म्हणून आपण सगळ्यांनी नावं ठेवली, ठीकच आहे. पण आपल्याच घरातला दहावी-अकरावीतला मुलगा बाइकवरून दळण आणतो तेव्हा आईला कौतुक! २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

आणि साक्षीचं. रस्त्याकडेला घर असलं की पहिलं बघणारी बहुधा बाईच असते. पोलिसांनी विचारलं तर ‘भरधाव होती’ एवढ्यावर थांबू नका. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती, हॉर्न वाजला का, ब्रेकचे वण कुठून कुठपर्यंत होते, चालत जाणारा कडेला होता की मध्ये, वळणाआधी वेग कमी झाला का, हे सांगा. जबाबासाठी स्टेशनात जायची भीती वाटते ना? साक्षीदार बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरीच येऊन विचारावं लागतं. हे जुन्या कायद्यात होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम १७९ मध्ये आहे.