आपला उजेड, शेजाऱ्याची रात्र

शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकला तर भांडण होतं. त्याच्या खिडकीत रात्रभर फोकस मारला, तर त्याला आपण रोषणाई म्हणतो, नाहीतर सुरक्षा. बार्शीसारख्या दाटीच्या गावात दुकानाचा बोर्ड, मंगल कार्यालयाची कमान, मिनार किंवा कळसावर सोडलेले दिवे आणि बंगल्याच्या गेटवरचा फोकस, सगळ्यांचा उजेड समोरच्याच्या अंथरुणावर पडतो.

पूर्वी वीजबिल आडवं यायचं. 2015 मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांवर एलईडी बसवण्याची योजना आणली. पुढे एलईडी घरोघरी पोहोचले, स्वस्त झाले, आणि वाचलेल्या विजेवर आपण आणखी दिवे लावले. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळसर प्रकाश जास्त असतो. झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन तो दाबतो. जाड पडदे आणि एसी असलेल्याला याची झळ कमी. पत्र्याच्या खोलीत राहणारा, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारा, सकाळी मार्केट यार्डात पाठीवर पोती घेणारा हमाल, यांनी कुठे तोंड लपवायचं? गावाला लागून असलेल्या शेतकऱ्यालाही हा उजेड भोवतो. सोयाबीनला फुलायला लांब, अंधारी रात्र लागते. दिव्याखालचं सोयाबीन हिरवंच राहतं, उशिरा पिकतं.

आवाजासाठी 2000 सालचे नियम आहेत. रात्री 10 नंतर भोंगा बंद. उजेडासाठी असा नियम नाही. उपद्रव म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, पण शेजाऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन जाणार कोण? त्यातही शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल तर? मशिदीचा फोकस हिंदूच्या घरात गेला तर तो बोलत नाही. देवळाचा आपल्या घरात आला तर आपण बोलत नाही. या गप्प बसण्याला आपण सलोखा म्हणतो. खरं तर ती भीती असते.

सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की गणेशोत्सवात लाउडस्पीकर घातक असेल तर ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतही तो घातकच. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कानाचा हा न्याय डोळ्यालाही लावा, आणि सुरुवात स्वतःपासून करा.

आपल्याला तर दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरजच नाही. कुरआनने रात्रीला पांघरूण म्हटलं आहे. झोपण्यापूर्वी दिवे विझवा, असं पैगंबरांनी सांगितलं. कारणही साधं, उंदराने वात ओढली तर घर पेटेल. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याला मना आहे. आणि शेजाऱ्याचा हक्क किती मोठा आहे, हे प्रत्येक मशिदीत सांगितलं जातं. मग त्याच मशिदीच्या मिनारावरून शेजाऱ्याची झोप मोडून कोणतं सवाब मिळणार? रमजानचा चंद्र बघायला गच्चीवर चढायचं आणि आभाळ आपणच धुऊन काढायचं, हाही अजब प्रकार आहे.

‘चोऱ्या होतील’ असं कुणी म्हणेल. डोळ्यावर येणारा फोकस माणसाला दिपवतो आणि त्यामागची सावली आणखी काळी करतो. चोराला अशीच सावली हवी असते. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्याचे दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. ती गावं काही अंधारात बुडाली नाहीत. वाघांसाठी जे जमलं, ते माणसांसाठी का जमू नये?

मागणी मोठी नाही. दिव्याचं तोंड खाली, रंग पिवळसर, सजावटीचे दिवे रात्री 10 ला बंद, गेटवर माणूस आला तरच लागणारा सेन्सरचा दिवा. नगरपरिषदेने हे परवानगीच्या अटींत घालावं. पण ठराव होईपर्यंत थांबू नका. येत्या मिलादच्या आधी मशिदीच्या ट्रस्टींनी शेजारच्या चार घरांत जाऊन एवढंच विचारावं: आमच्या दिव्याचा तुम्हाला त्रास होतो का? आपण विचारलं, तर उद्या आपल्यालाही सांगता येईल.