यादी संपली की अडकली?

नातवाच्या मुंजीसाठी पुतण्याने वेबपेज केलं. त्यात एका चौकटीत पाहुण्यांची यादी, बोटाने सरकवायची. आमच्या धारवाडच्या विहीणबाई सरकवत सरकवत खाली आल्या आणि थबकल्या. "मुगीतेनु? का फोन अडकला?"

त्यांचं काय चुकलं? यादी भिंतीला आपटल्यासारखी थांबली, तर संपली की बिघडली हे कळणार कसं! हीच अडचण २००५ च्या सुमारास अ‍ॅपलच्या बास ओर्डिंग यांना जाणवली. त्यांनी यादीच्या टोकाला रबरासारखा ताण दिला, आणि २००७ च्या आयफोनमधून तो लोकांच्या हाती आला.

पुतण्या रात्री बसला. बोट टोकापुढे गेलं की यादीनेही पुढे जायचं, पण बोटाच्या निम्मंच, मग त्याहून कमी. बोट उचललं की पाव सेकंदात जागेवर. उड्या फार नकोत, काहींना गरगरतं. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवली आहे, त्यांना तेवढीही नको. एक गोष्ट मात्र तो विसरला, आणि यादीच्या जोडीने मागचं पानही सरकू लागलं. मुहूर्ताची वेळच दिसेना! सीएसएसमध्ये त्या चौकटीला 'ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर : कंटेन' लिहिल्यावर पान जागेवर राहिलं.

सकाळी विहीणबाईंनी पुन्हा बोट फिरवलं. यादी ताणली, परत आली.

"हां, मुगीतु." मग चष्मा सारखा करून, "म्हणजे आमच्या गदगच्या दोड्डम्मांचं नाव यात नाहीच!"