उजेड आणि मजुरी

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा रोगाचे मूळ कोंदट चाळींत आहे असे राज्यकर्त्यांनी मानले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले गेले. त्यापायी हजारो गरिबांची घरे पाडली, हा अन्यायच होता. पण वारा आणि उजेड ही आरोग्याची गरज आहे, एवढे त्या सरकारला कळत होते.

आज त्याच शहरात, गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंडमध्ये, प्रकल्पांसाठी उठवलेली कुटुंबे एकमेकींना खेटलेल्या इमारतींत राहतात. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या जवळच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा येथे क्षयाचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. या इमारती बेकायदा नाहीत. सरकारनेच नियम शिथिल करून त्यांचे नकाशे मंजूर केले. मग आजाराचे खापर रहिवाशांच्या सवयींवर कसे फोडता येईल?

आता मजुरीकडे पाहू. क्षयाची औषधे मोफत मिळतात, पण साधा उपचारही सहा महिने चालतो आणि सुरुवातीला अंगात ओझे उचलण्याचे त्राण नसते. राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला, अटी पूर्ण असतील तर, दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला मिळतात पोषणासाठी महिना १,००० रुपये. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. खाडा पडला की चूल थंडावते. म्हणून तो खोकत कामावर जातो, गोळ्या चुकतात, घरातल्यांना लागण होते. झारखंडमधील चाचणीत रुग्णाच्या कुटुंबीयांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नवे क्षयरोगी ३९ टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकर कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. त्यातून क्षयग्रस्त बांधकाम मजुराला उपचार संपेपर्यंत बुडालेली मजुरी द्यावी. नोंदणीसाठी कागद नाहीत म्हणून त्याला परत पाठवू नये. आणि पुनर्वसनाच्या इमारतींत तळमजल्यावर ऊन पोचते का, हे तपासल्याशिवाय महापालिकेच्या आरोग्य खात्याने एकाही नकाशावर संमती देऊ नये.