निवृत्तांची पुंजी कोणाच्या भरंवशावर?

नोकरीचा शेवटचा दिवस संपवून, शाल आणि नारळ घेऊन गृहस्थ घरीं परततो. आणि पुढल्या पंधरा दिवसांत त्याच्या घराचा उंबरठा झिजूं लागतो. भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचा पगार मिळून जी रक्कम त्याच्या खात्यांत जमा होते, ती बहुधा त्यानें आयुष्यांत एकाच वेळीं पाहिलेली सर्वांत मोठी रक्कम असते. ती कोठें ठेवावी हें सांगणाऱ्या माणसांची मग वाण पडत नाहीं. कोणी विम्याचा प्रतिनिधि, कोणी पतसंस्थेचे संचालक, कोणी कचेरींतील जुना सहकारी, कोणी व्याह्यांचे स्नेही. आणि प्रत्येकाचें पहिलें वाक्य ठरलेलें, 'अगदीं सुरक्षित आहे, माझेही पैसे तेथेंच आहेत.' आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों तो प्रश्न या 'सुरक्षित' शब्दाचाच होय.

तिशींतल्या माणसाचे दोन लाख बुडाले तर तें दुःखद खरें, पण त्याच्यापुढें पगाराचीं तीस वर्षें उभीं असतात. अठ्ठावन्नाव्या वर्षीं बुडालेले वीस लाख पुन्हा मिळविण्यास हातीं कांहींच उरत नाहीं. खासगी कारखान्यांत व दुकानांत आयुष्य घालविलेल्यांची स्थिति तर अधिकच बिकट. त्यांच्या निवृत्तिवेतन योजनेंत सरकारनें २०१४ सालीं किमान वेतनाची हमी दिली, ती दरमहा एक हजार रुपयांची! अशा माणसाचें खरें निवृत्तिवेतन म्हणजे त्याच्या ठेवीचें व्याज. तें व्याज दीड टक्क्यानें वाढलें तर तीस लाखांवर वर्षास ४५,००० रुपये, म्हणजे महिन्यास ३,७५० रुपये अधिक मिळतात. मोह होण्याजोगी ही रक्कम आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या पावणेचार हजारांकरितां आपण तीस लाख पणास लावीत आहों, हें दुसरें वाक्य सल्ला देणारा कधीं उच्चारीत नाहीं.

तें वाक्य किती खरें आहे याचा धडा मुंबईनें २०१९ सालीं घेतला. त्या वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं रिझर्व्ह बँकेनें पंजाब ॲण्ड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ही कांहीं आडबाजूची पेढी नव्हती. अनेक राज्यांत तिच्या शाखा होत्या, ताळेबंद तपासलेला होता आणि त्यांत नफा दिसत होता. तरीही तिच्या एकंदर कर्जांपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम-व्यवसायी समूहाकडे अडकलें होतें, व तें झांकण्यासाठीं हजारों खोटीं खातीं उभीं केलीं होतीं, असें तपासांत बाहेर आलें. ठेवीदारास आरंभीं सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. पुढें ही मर्यादा टप्प्याटप्प्यानें वाढली. जानेवारी २०२२ मध्यें ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली, तेव्हां पांच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्याच्या आधारें प्रथम मोकळ्या करण्याचें ठरलें. त्यावरील रक्कम हप्त्यांनीं, आणि शेवटचा हप्ता दहा वर्षांनीं! वर पहिलीं पांच वर्षें व्याज नाहीं. ज्याची सारी पुंजी तेथें होती अशा पासष्टीच्या गृहस्थास 'उरलेले पैसे पंचाहत्तराव्या वर्षीं न्या' असें सांगणें म्हणजे त्याचा पैसा बुडाला नाहीं असें कागदावर सिद्ध करणें होय. त्याचें म्हातारपण मात्र बुडालें.

म्हणून ठेव ठेवण्यापूर्वीं व्याज किती हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न हा, कीं ज्यानें पैसे घेतले तो देऊं शकला नाहीं तर देणार कोण? या एका प्रश्नानें बाजारांतील सर्व योजनांच्या तीन रांगा लागतात. एका रांगेंत खुद्द भारत सरकार देणेकरी असतें. दुसरींत ठराविक मर्यादेपर्यंत विमा असतो. आणि तिसरींत घेणाऱ्याच्या शब्दापलीकडे कांहींही नसतें.

यांपैकीं विम्याचा इतिहास ठेवीदारांच्या अश्रूंनीं लिहिलेला आहे. १९१३ सालीं मुंबईची इंडियन स्पेशी बँक बुडाली, त्या काळीं ठेवीदारास विम्याचें छत्र ठाऊकच नव्हतें. १९६० सालीं लक्ष्मी बँक आणि केरळांतील पालाई सेंट्रल बँक या दोन बँका कोसळल्या, तेव्हां सरकारास जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ अस्तित्वांत आलें. आरंभीं संरक्षण १,५०० रुपयांचें होतें. वाढत वाढत १९९३ सालीं तें एक लाखावर पोंचलें आणि तेथेंच सत्तावीस वर्षें गोठून राहिलें. या सत्तावीस वर्षांत पगार, भाडें, डॉक्टरांची फी, सारें कित्येक पटींनीं वाढलें. विमा तेवढा जागचा हलला नाहीं. वर सांगितलेल्या बँकेच्या ठेवीदारांनीं रस्त्यावर येऊन आक्रोश केल्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्यें मर्यादा पांच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनें बँकेवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याचें बंधन आलें. सुधारणा चांगली आहे. पण ती दरवेळीं कोणाचें तरी घर बसल्यावरच कां व्हावी, हें आम्हांस विचारावेंसें वाटतें.

या विम्याचे नियम मात्र नीट समजून घेतले पाहिजेत. पांच लाखांची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेंत एकदांच लागू होते. एकाच बँकेच्या चार शाखांत चार ठेवी ठेवल्या तरी त्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेंत मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. तेव्हां मुद्दल साडेचार लाखांच्या आसपास ठेवून दुसरी बँक पाहणें हें शहाणपणाचें. पति-पत्नींचें संयुक्त खातें वेगळें मोजलें जातें, ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते.

आतां पहिल्या रांगेकडे वळूं. टपालखात्याची बचत बँक १८८२ पासून आपल्या गांवोगांवीं आहे, आणि निवृत्तांसाठीं तिच्यांत व बँकांत २००४ पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजना चालते. एप्रिल २०२३ मध्यें तिची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख करण्यांत आली व व्याजाचा दर ८.२ टक्के ठरला. दर सरकार तिमाहीस जाहीर करतें, परंतु ज्या दिवशीं ठेव ठेवली त्या दिवसाचा दर पुढें पांच वर्षें बदलत नाहीं. ८.२ टक्के दरानें तीस लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये हातीं येतात. महिन्याचा हिशेब २०,५०० रुपये होतो. साठ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं निवृत्त होणाऱ्यानें एक गोष्ट विसरूं नये. पंचावन्न ते साठ वयाच्या निवृत्तास ही योजना खुली आहे, पण निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत खातें उघडावें लागतें. ती मुदत हुकली कीं साठीची वाट पाहणें आलें. व्याजावर प्राप्तिकर लागतो, हेंही लक्षांत असावें.

मग सर्वच रक्कम सरकारकडे ठेवून झोंपी जावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. सुरक्षित ठेवीसही एक वाळवी लागते, ती भाववाढीची. २०२०-२१ सालीं किरकोळ भाववाढ सहा टक्क्यांवर असतां मोठ्या सरकारी बँकांच्या मुदतठेवींचे सर्वसाधारण दर साडेपांच टक्क्यांच्या आसपास उतरले होते. त्या काळांत सारी पुंजी एकाच दराला बांधणारा माणूस मुद्दल न गमावतांही गरीब होत होता. यास्तव ठेवींच्या मुदती एक, दोन, तीन वर्षें अशा पुढेंमागें ठेवाव्या, म्हणजे दरवर्षीं कांहीं रक्कम मोकळी होऊन तत्कालीन दरानें पुन्हा ठेवतां येते. रिझर्व्ह बँकेमार्फत मिळणाऱ्या सरकारच्या बदलत्या दराच्या रोख्यांचें व्याज राष्ट्रीय बचतपत्राच्या दराहून ०.३५ टक्का अधिक असून तें सहामाहीस बदलतें. मुदत सात वर्षांची असल्यामुळें आजारपणाची रक्कम तेथें गुंतवूं नये. दीर्घ काळ लागणार नाहीं असा लहानसा अंश शेअरबाजारांत ठेवावा असें म्हणणारेही अगदींच चूक नाहींत. मात्र पुढल्या पांच वर्षांच्या घरखर्चाचा पैसा तेथें नेणें हें धाडस झालें.

तिसरी रांग फसवी असते ती तिच्या वेषामुळें. मार्च २०२० मध्यें येस बँकेच्या सुमारें ८,४०० कोटी रुपयांच्या एका प्रकारच्या रोख्यांची किंमत शून्य करण्यांत आली. त्याच बँकेंतील ठेवीदारांची ठेव मात्र शाबूत राहिली! हे रोखे अधिक व्याजाची मुदतठेव समजून घेतलेल्यांत निवृत्त माणसेंही होतीं. बँकेच्या नांवाचा कागद म्हणजे बँकेंतील ठेव नव्हे, हें त्यांस फार उशिरां कळलें.

परंतु महाराष्ट्रांत या रांगेंत सर्वांत मोठी गर्दी आहे ती पतसंस्थांची. सहकारी चळवळीविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. १९०४ च्या कायद्यापासून तिनें सावकाराच्या पाशांतून कित्येकांस सोडविलें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हां ऑगस्टमध्यें तिला पदरांत घेणारी सारस्वत बँकही सहकारीच होती. परंतु सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था यांत एक मोठें अंतर आहे. ठेव विमा महामंडळाचें छत्र बँकेवर आहे, पतसंस्थेवर नाहीं. पाटी सारखी, काउंटर सारखें, पासबुक सारखें. संरक्षण मात्र नाहीं. जळगांव व बीड येथील मोठ्या संस्था गेल्या दहा-बारा वर्षांत अडचणींत आल्या, तेव्हां हजारों ठेवीदारांस हें अंतर प्रथमच समजलें. आपल्या समाजांत ठेव ओळखीवर ठेवली जाते. संचालक आपल्या गांवचे, आपल्या जातीचे, देवळाच्या मंडळांतले. त्यांस 'कर्जें कोणास दिलीं' असें विचारणें म्हणजे उद्धटपणा, असा समज आहे. हा भिडस्तपणा टाकल्यावांचून आमच्या मध्यमवर्गाची पुंजी सुरक्षित व्हावयाची नाहीं.

दुसरी एक रूढि याहूनही जुनी. घरांतील पैशाची माहिती पुरुषास असावी आणि पत्नीस केवळ कपाटाच्या किल्ल्या असाव्या, या रूढीमुळें पतीच्या पश्चात् किती ठेवी बेवारस पडतात याची गणना कोणी केली आहे काय? बँकेच्या खात्यास चारपर्यंत नांवें नोंदविण्याची सोय १ नोव्हेंबर २०२५ पासून झाली आहे. नोंद असलेली व्यक्ति वारसांच्या वतीनें पैसे घेते, ती आपोआप मालक होत नाहीं. यास्तव मृत्युपत्रही हवेंच. पण नोंदीपूर्वीं सर्व ठेवींची यादी पत्नीच्या हातांत, तिच्या अक्षरांत असली पाहिजे. कोणत्या ठेवीचा जामीन कोण, हें तिलाही सांगतां आलें पाहिजे.

सरकारनेंही आपलें काम करावें. १९६२ पासून चांगल्या व उधळ्या बँकांस विम्याचा हप्ता एकाच दरानें पडत आला. जोखमीप्रमाणें हप्ता आकारण्याचें रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२५ मध्यें जाहीर केलें, तें योग्यच झालें. आमची मागणी त्याहून साधी आहे. ठेव घेणाऱ्या प्रत्येक बँकेनें, पतसंस्थेनें व कंपनीनें ठेवीच्या पावतीच्या दर्शनी भागावर, मराठींत, ठळक अक्षरांत छापावें कीं ही ठेव विमा उतरलेली आहे किंवा नाहीं, आणि असल्यास किती रुपयांपर्यंत. यासाठीं कायद्यांत दुरुस्ती लागत असेल तर ती संबंधित विधिमंडळांनीं करावी. आणि पतसंस्थांपुरतें सहकार आयुक्तांच्या एका परिपत्रकानें भागत असेल, तर तें येत्या महिन्यांतच निघावें.